बादलीतला बंधारा

आमच्या वॉर्डातल्या शेवटच्या खिडकीच्या एसीखाली पुन्हा बादली आली. म्हणजे ऑगस्ट आला. इथं ऋतू ओळखायला मला कॅलेंडर कधी लागलं नाही. जून-जुलैचं ऊन कोरडं असतं, भट्टीपुढं उभं राहिल्यासारखं, पण त्याची सवय होते. ऑगस्ट लागला की वारा पडतो, समुद्रावरून वाफ उठते आणि दाराबाहेर पाऊल टाकलं की चष्म्याच्या काचा पांढऱ्या होतात. दोरीवरचे कपडे वाळत घातले होते त्याहून ओले निघतात. आणि खिडक्यांतले एसी गळायला लागतात. थेंब थेंब नाही, चांगली बारीक धार लागते आणि ती दिवसभर बादलीत पडत राहते.

“सिस्टर, तुमचा बंधारा सुरू झाला हां,” इस्माईलभाई म्हणाले.

इस्माईलभाई आमचे वॉर्ड क्लार्क. रत्नागिरीकडचे, दाढी मेंदीनं लाल केलेले, माझ्या कितीतरी आधी बहारीनला आलेले. त्यांनी मान वर न करताच हे सांगितलं आणि मीही नुसतं “हं” म्हणून पुढे गेले. पण त्या धारेचा आवाज कानात शिरला तो शिरलाच. दरवर्षी असंच होतं. हिवाळ्यात मी त्या खिडकीपाशी उभी राहून खुशाल गप्पा मारते. ऑगस्ट-सप्टेंबरात मात्र तिथं आले की पाय आपोआप थांबतात.

नव्या माणसाला आमचं बोलणं ऐकून बुचकळ्यात पडायला होतं. “ट्रॉली पुलापाशी ठेव.” “गिरणीतून चादरी आल्या का?” “त्यांना जरा चर्चखाली बसवा, मग पुढे न्या.” ही सगळी आमच्या एका लांबलचक कॉरिडॉरमधली ठिकाणं. पूल म्हणजे नर्सेसचं टेबल. बोटींची शेड म्हणजे जिथं चाकाच्या खुर्च्या लावून ठेवतात तो कोपरा. गिरणी म्हणजे धुलाईची खोली, तिथं मशिनं सतत घरघरत असतात. चर्च म्हणजे भिंतीवरचं मोठं घड्याळ. आणि बंधारा म्हणजे ती खिडकी. या सगळ्यांच्या कडेनं एक नदी वाहते. बहारीनमध्ये नदी नाही, ओढाही नाही. गोड्या पाण्याचे झरे आहेत, पण वाहणारं पाणी मी इथं कधी पाहिलं नाही. तरी आमच्या कॉरिडॉरला नदी आहे, आणि ती इंग्लंडातून आली आहे.

ती व्हिटलोसाहेबांनी आणली. समुद्रावरचा पूल तेव्हा व्हायचा होता, सौदीला जायचं तर होडीनं नाहीतर विमानानं. साहेब बंदरात जहाजांची तपासणी करायचे आणि आयुष्याचा मोठा भाग त्यांनी इथंच काढला होता. लग्न केलेलं नव्हतं. नोकरी संपत आली आणि अर्धांगाचा झटका आला. सलमानियाच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात उपचार झाले आणि चालण्याच्या व्यायामासाठी ते आमच्या छोट्या हॉस्पिटलात आले. डावा पाय ओढत चालायचे, तोंडाची डावी बाजू लोंबलेली, शब्द शोधत शोधत बोलायचे. इंग्लंडात एक पुतणी होती, ती फोन करायची. डॉक्टरांनी तिला साफ सांगून टाकलं होतं: म्हातारबुवा आपल्या पायांनी या टोकापासून त्या टोकाच्या दारापर्यंत चालले, तर त्यांना त्यांच्या गावी, त्यांच्या रिकाम्या घरी पाठवता येईल. नाही चालले तर लंडनच्या एका मोठ्या वृद्धाश्रमात. साहेबांना आश्रमाचं नाव काढलेलं चालत नसे. “मी माझ्या पलंगावर मरेन,” ते म्हणायचे, “माझ्या खिडकीतून नदी दिसते.”

पहिल्या दिवशी मी त्यांना म्हटलं, “चला, त्या टेबलापर्यंत जाऊ.”

त्यांनी टेबलाकडे पाहिलं. “टेबलापर्यंत जाऊन काय करायचं?”

मला आधी राग आला, मग पटलं. खरंच, टेबलापर्यंत कोण कशाला चालत जाईल? दुसऱ्या दिवशी तेच म्हणाले, “सिस्टर, तो पूल आहे. दगडी. तीन कमानी. आपण स्टेशनवरून येतोय.” मी म्हटलं, “मग सांभाळून, पाण्यात पडलात तर मला पोहता येत नाही.” त्यांच्या तोंडाची एक बाजू हसली, आणि आम्ही पुलापर्यंत गेलो.

असा तो रस्ता रोज थोडा थोडा वाढत गेला. पुलावरून खाली उतरायला पायऱ्या, मग पाण्याच्या काठानं पायवाट. डाव्या हाताला नदी, हे कायमचं ठरलेलं, म्हणून साहेबांना भिंतीच्या बाजूनं न्यायला लागायचं. बोटींची शेड आली की डांबराचा वास. मग गिरणी, तिचं मोठं चाक आता फिरत नाही, पण साहेबांच्या लहानपणी आत पिठानं पांढरी झालेली माणसं असत. मग चर्च, त्याचा मनोरा थोडा वाकडा, आणि वरचं घड्याळ नेहमी मागे. आमचंही घड्याळ मागेच होतं. साहेबांनी ते दाखवल्यावर मला आधी हसू आलं आणि नंतर अंगावर काटा आला. चर्चच्या पुढे पाण्यावर ओणवलेली झाडं. आणि मग बंधारा. त्याच्या पलीकडे कुरणाचा एक तुकडा आणि साहेबांचं घर, म्हणजे कॉरिडॉरच्या टोकाचं दार.

डॉक्टर बहारीनी होते, दिलदार माणूस. राऊंडला आले की विचारायचे, “आज कुठपर्यंत, मिस्टर व्हिटलो?” आणि साहेब “गिरणी” किंवा “चर्च” म्हणाले की “यल्ला, यल्ला”, चला चला, म्हणत पाठीवर थाप मारायचे. इस्माईलभाईंनी तर रजिस्टरमागून नदीवर नजर ठेवली होती. “बाबा आज बोटीत बसलाय काय? उठतच नाय.” जेवणाच्या ट्रॉल्या ढकलणारे, फरशी पुसणारे, सगळे त्या रस्त्यानं चालायला लागले. इंग्लंड पाहिलेला आमच्यात एकही नव्हता.

खरं सांगायचं तर साहेब त्यांच्या रस्त्यानं चालायचे तेव्हा मी माझ्या रस्त्यानं चालत असे. त्यांना हात दिलेला असायचा, पण मनात मी वसईला एस.टी.तून उतरलेली असायची. पानवेलींच्या वाड्या, केळीच्या बागांतली ओली सावली, रहाटाचा करकर आवाज, बावखलाचं, म्हणजे वाडीतल्या तळ्याचं, हिरवं पाणी, आणि आमच्या आळीच्या तोंडाशी पांढरा क्रूस. तिथून आमचं घर दिसतं. माझा रस्ता मात्र क्रूसापाशी संपायचा. पुढे मी मनातसुद्धा जात नसे.

कारण सांगते. मी बहारीनला आले त्याच वर्षी, अशाच दमट दिवसांत, आई गेली. तार हातात पडली तेव्हा तिला माती देऊन झाली होती. नवा व्हिसा, नवी नोकरी, रजा नाही. मिळाली तेव्हा वर्ष उलटलं होतं. मी सामान घेऊन आळीत शिरले तर मोठी बहीण दारात सूप घेऊन तांदूळ पाखडत बसली होती. तिचं नाव कतरीन, पण आम्ही तिला बाय म्हणतो. आईचं सगळं तिनंच केलं होतं. तिनं सूप खाली ठेवलं नाही. एवढंच म्हणाली, “आई शेवटपर्यंत या दाराकडे बघत होती. आता त्या दारातून कशाला येतेस?”

मी उलट बोलायला हवं होतं, रडायला हवं होतं, आत घुसायला हवं होतं. मी वळले आणि सासरी गेले. त्यानंतर प्रत्येक रजेत मी क्रूसापर्यंत जाते. मेणबत्ती लावते, घराकडे बघते. अंगणात कोंबड्या असतात, कधी बायची पाठ दिसते. मग मी परत फिरते. नवरा म्हणतो, तुम्ही दोघी बहिणी सारख्याच हट्टी. त्याचं इथं बहारीनमध्ये, तुबलीत गॅरेज आहे आणि त्याच्या मते कोणतीही गोष्ट खोलून साफ करून परत बसवली की चालू होते.

तर, बंधारा. साहेब तिथपर्यंत पोचले तेव्हा ऑगस्ट ऐन भरात होता. एसीची धार बादलीत पडत होती. साहेब खिडकीपाशी आले आणि थांबले. मला वाटलं दम लागला. पण दम लागलेला माणूस मान खाली घालतो. हे मान वर करून, कान देऊन उभे होते. “बंधारा,” ते म्हणाले. मग वळले आणि परत फिरले. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. पाय चालत होता, टोकाचं दार समोर दिसत होतं, थोडकं अंतर उरलं होतं. डॉक्टर समजावून थकले. साहेब बंधाऱ्याच्या पुढे जाईनात.

आणि मी, वसईची बाई, मला ते लगेच कळलं, म्हणजे कळलं असं वाटलं. आमच्याकडे बावखलात कुणी बुडालं असेल तर त्या काठावरून जाणारा माणूस थांबल्याशिवाय पुढे जात नाही. बुडालेला माणूस तयारीविना गेलेला असतो, त्याच्या आत्म्याला प्रार्थनेची जास्त गरज असते. म्हणून पाय थांबवायचे, एक आमच्या बापा, एक नमो मारिया, मग पुढे. लहानपणी शाळेत जाताना आम्ही घाईघाईनं पुटपुटायचो, पण थांबायचो. साहेब पाण्यापाशी थांबतात म्हणजे तिथं त्यांचं कुणीतरी बुडालंय, यात मला काही शंकाच वाटली नाही. एखादी लहान बहीण असेल. एखादी लग्न ठरलेली मुलगी असेल, म्हणून तर बुवा एकटे राहिले. मी मनाशी सगळी कहाणी रचून टाकली.

विचारायची हिंमत झाली नाही. पण साहेब थांबले की मीही हात जोडून उभी राहायला लागले आणि मृतांसाठीची प्रार्थना म्हणायला लागले. मराठीतच, हळू आवाजात. हॉस्पिटलात मेणबत्ती लावता येत नाही, म्हणून मागच्या कुंपणावरचा मोगरा आणून एका काचेच्या ग्लासात खिडकीवर ठेवला. ते बघून बाकीचेही थांबायला लागले. ट्रॉलीवाला थांबायचा. इस्माईलभाई एकदा फाईल घेऊन जाताना थांबले, दोन्ही तळवे वर करून काहीतरी म्हणाले आणि चेहऱ्यावरून हात फिरवून पुढे गेले. एसीची धार पडत असायची आणि त्या ओल्या, कुबट हवेत मोगऱ्याचा वास. आम्ही सगळे एका अनोळखी माणसासाठी, एका न पाहिलेल्या नदीच्या काठी, रोज शोक करत होतो.

एका संध्याकाळी साहेबांनी विचारलं, “सिस्टर, तुम्ही इथं रोज काय म्हणता?”

“प्रार्थना.”

“माझ्या पायासाठी?”

“नाही. इथं जो बुडाला त्याच्यासाठी.”

त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. “कोण बुडालं?”

“मला काय ठाऊक? तुम्ही रोज थांबता म्हणून...”

मग ते हसले. हसता हसता खोकला आला, मला खुर्ची ओढून आणायला लागली. बसल्यावर डोळे पुसत म्हणाले, “आर्थर. माझा धाकटा भाऊ. बुडालेला नाही. बदकं पाळतो.”

बंधाऱ्याला लागून आर्थरचं पांढरं घर होतं. पायवाट त्याच्या फाटकाला घासून जायची आणि साहेबांच्या घरी जायला दुसरी वाट नव्हती. त्यांची आई वारली तेव्हा साहेब बहारीनच्या बंदरात एका अडकलेल्या जहाजावर होते. पुढे घरी गेले तर आर्थर फाटकावर हात टाकून उभा. म्हणाला, “या वाटेनं जायचं तर जा. माझ्याशी बोलू नकोस.” मग बरीच वर्षं ते दोघे सुट्टीच्या दिवसांत एकमेकांसमोरून न बोलता जात राहिले. नंतर साहेबांनी सुट्टीत घरी जाणंच सोडलं.

“तो तिथं बसलेला असणार,” साहेब म्हणाले. “मी काय बोलू ते मला सापडत नाही. सापडलं की पुढे जाईन.”

  जिवंत माणसासाठी मी इतके दिवस मृतांची प्रार्थना म्हणत होते, ही एक गोष्ट. दुसरी गोष्ट अशी, की ते सांगत असताना मला पांढरं घर दिसत नव्हतं, मला सूप दिसत होतं. मी मोगऱ्याचा ग्लास उचलायला गेले तर साहेब म्हणाले, “राहू दे. त्याला फुलं आवडतात. मेला नाही म्हणून काय झालं?”

त्यानंतरचे काही दिवस फार चांगले गेले. साहेब बंधाऱ्यावर थांबून वाक्य जुळवायचे. “आर्थर, बदकं जाड झालीत.” नको. “आर्थर, मी चहा घेऊन आलोय.” नको. इस्माईलभाईंनीही सल्ला दिला, “सरळ सलाम करायचा. सलामाला जवाब द्यावाच लागतो.” साहेबांनी ते गंभीरपणे ऐकून घेतलं. एकदा मी म्हटलं, “तुम्ही काही बोलूच नका. फाटकापाशी उभे राहा. पाय बघून तोच विचारेल काय झालं.” साहेबांनी माझ्याकडे रोखून पाहिलं आणि विचारलं, “सिस्टर, तुमचं कोण आहे फाटकात?” मी म्हटलं, “कोणी नाही. चला, चहा निवतोय.”

मग पुतणीचा फोन आला. ती आर्थरचीच मुलगी होती. फोन इस्माईलभाईंनी घेतला आणि ऐकता ऐकता ते उभे राहिले. मला बोलावून त्यांनी रिसीव्हरवर हात ठेवला. “भाऊ गेला तो. आधीच गेलाय. बाबा आजारी म्हणून हिनं सांगितलं नाय. आता बाबा घरी यायच्या गोष्टी करतो तर किती दिवस लपवणार, म्हणते.”

“कधी गेला?”

त्यांनी विचारून सांगितलं. मी मनात दिवस मोजत मागे मागे गेले. ऑगस्टातलेच ते दिवस. मी मोगरा आणून ठेवला होता तेव्हाचे. साहेब मला हसत हसत “बदकं पाळतो” म्हणाले त्या संध्याकाळी आर्थर जमिनीखाली होता. मी चुकले असं आम्ही दोघांनी धरलं होतं, आणि चूक साहेबांची होती.

सांगायचं काम माझ्याकडे आलं. दुपारी, पडदा ओढून, त्यांचा चांगला हात धरून मी सांगितलं.  मग त्यांनीही तेच विचारलं, कधी. मी सांगितलं. “मग तुमचं बरोबर होतं,” ते म्हणाले. मला बरोबर असायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते चालायला निघाले. डॉक्टर आले होते, दोन नर्सेस होत्या, इस्माईलभाई रजिस्टर मिटून उभे होते. कुणी कुणाला बोलावलं नव्हतं. साहेबांनी माझा हात बाजूला केला. काठी टेकत पूल, शेड, गिरणी, चर्च. यावेळी त्यांनी एकाही जागेचं नाव घेतलं नाही. बंधारा आला. बादलीत धार पडत होती. आम्ही सगळे सवयीनं थांबलो. साहेब थांबले नाहीत. साधा भिंतीचा एखादा तुकडा ओलांडावा तसे ते खिडकीवरून पुढे गेले आणि टोकाच्या दाराला हात लावला.

कुणीतरी टाळ्या वाजवल्या. डॉक्टर “मबरूक, मबरूक” म्हणत अभिनंदन करायला पुढे झाले. साहेब दाराकडे तोंड करूनच उभे होते. मी जवळ गेले तेव्हा ते म्हणाले, “काही कठीण नव्हतं, सिस्टर. तिथं कोणी नव्हतं.”

ते गेले. विमानात चालत चढले असं कळलं. निघताना खिडकीकडे काठी दाखवून म्हणाले होते, “तो ग्लास उचलू नका.” त्यानंतर त्यांचं काय झालं, पलंगावरून नदी दिसली का, हे मला कधी कळलं नाही. मला कितीतरी दिवस वेगळंच खात होतं. माझी प्रार्थना आधी की आर्थरचं जाणं आधी? शुक्रवारी मिस्सा झाल्यावर मनामाच्या चर्चमध्ये फादरना विचारलं तर ते म्हणाले, असले विचार करू नयेत. मग इस्माईलभाईंना विचारलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. “दुव्यानं कोण मरत नाय, सिस्टर. दुवा पोचतो, इतकाच. तुम्ही पाठवलात, त्याला मिळाला. खलास.” मला त्यानं बरं वाटलं, पण पुरतं नाही.

आणि नदी राहिली. माणसं बदलली, रंग बदलले, कॉरिडॉरला नवीन फरशी आली, पण पूल पूलच राहिला. ज्यांनी साहेबांना पाहिलंही नाही ते चर्चखाली पेशंटला दम घ्यायला बसवतात आणि ऑगस्ट आला की बंधाऱ्यापाशी थांबतात. का, ते त्यांना ठाऊक नाही. कधी कधी सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी नवऱ्याबरोबर तुबलीच्या किनाऱ्यावर बसते. ओहोटीला चिखलाचा आणि गॅरेजांच्या तेलाचा वास येतो, लांब पाण्यात गुलाबी पक्षी उभे असतात. तिथंही मला काठानं एक पायवाट गेलेली दिसते आणि तिच्यावर पाय ओढत चाललेलं कुणीतरी. आमची मुलगी बरोबर असते, ती विचारते, “मम्मा, व्हॉट आर यू लुकिंग अॅट?” मी म्हणते, काही नाही गं. तिला मराठी समजतं, पण त्या ‘काही नाही’मागे काय आहे ते मला तिला कुठल्याच भाषेत सांगता येत नाही.

साहेब गेले तेव्हा वाटलं होतं, पुढच्या रजेत मी क्रूस ओलांडणार. वाक्य जुळवायचं नाही, नुसतं फाटकात उभं राहायचं. रजा आली. क्रूसापाशी मेणबत्ती लावली. बाय अंगणात होती. तिनं माझ्याकडे बघितलं, नक्की बघितलं, आणि कोंबड्यांना आत हाकलायला लागली. मी वळले. दुसरी रजा आली, तिसरी आली. माणूस शहाणा होतो असं कुणी म्हटलं की मला हसू येतं.

परवाची गोष्ट. दुपारच्या शिफ्टला मी खिडकीपाशी थांबले होते. बादली निम्मी भरली होती, ग्लासात मोगरा होता. शेजारी कोणी येऊन उभं राहिलं. रोझी, आमच्याच भागातली, नुकतीच आलेली नर्स. तिनं डोळे मिटून हात जोडले आणि मृतांसाठीची प्रार्थना म्हणायला लागली. आमच्याच बोलीच्या हेलात.

“कोणासाठी म्हणतेस?” मी विचारलं.

ती गोंधळली. “तुमचं कोणीतरी गेलंय ना, सिस्टर? तुम्ही रोज थांबता म्हणून...”

“कोणी गेलेलं नाही,” मी म्हटलं. “माझी बहीण आहे तिथं. कोंबड्या पाळते.”

हसतच म्हटलं. आणि शब्द तोंडातून गेल्यावर ते कुणाचे होते ते मला कळलं. धार पडत होती. रोझीनं माझा दंड धरला. मी तिला म्हटलं, “म्हणू नकोस. पुढचं म्हणू नकोस. इथंच थांबव.” तिनं घाबरून जोडलेले हात सोडले. इस्माईलभाईंनी माझा चेहरा बघितला आणि काही न विचारता म्हणाले, “जा तुम्ही. मी सांगतो सगळ्यांना.”

युनिफॉर्मवरच टॅक्सी केली आणि मनामाच्या टेलिफोन ऑफिसात गेले. बायकडे फोन नाही. शेजारी लोपीसांकडे आहे. लाईन लागेना. लागली तर खरखर. पुन्हा लावली. बूथमध्ये काच धूसर झाली होती, पाठीवरून घाम वाहत होता. शेवटी लोपीसांच्या सुनेचा आवाज आला. मी नाव सांगितलं. “कतरीनबाय आहे का?” एवढं विचारायला माझा जीव अर्धा झाला. तिनं रिसीव्हर बाजूला ठेवल्याचा आवाज झाला आणि मग लांबून तिची हाक ऐकू आली. पलीकडे पाऊस पडत होता. तिकडे या दिवसांत पडतोच. कोंबडा आरवला. कुठेतरी भांडं घासत होतं कोणी. मी रिसीव्हर दोन्ही हातांनी कानाला दाबून धरला होता.

मग ओल्या चपलांचा आवाज. फटक फटक, अंगणातून, पायरीवर. आणि तिथं तो थांबला.

मला ठाऊक होतं ती कुठं उभी आहे. उंबऱ्याच्या अलीकडे. पदरानं तोंड पुसते आहे, आत यावं की परत जावं. मी तिला हाक मारली नसती तरी तिला ऐकू गेलं असतं असं वाटलं, इतकी मी तिथं होते. मी म्हटलं, “बाय, मी आहे.” ती एवढ्या लांबून ऐकणार कशी, हे माझ्या लक्षात नव्हतं.

चपला पुन्हा वाजल्या. रिसीव्हर उचलला गेला. थोडा वेळ नुसता श्वास, तिला लहानपणापासून दम्याचा त्रास आहे, तोच श्वास. मी कोण, कुठून, कशाला, काही तिनं विचारलं नाही.

“आईच्या खोलीत गळतंय,” ती म्हणाली. “खाली बादली ठेवलीय.”

“उचलू नकोस,” मी म्हटलं. “मी येतेय.”